केळीच्या सालीचं पेक्टिन: कॅसेट, हॉलो फायबर की सिरॅमिक?

रावेर-यावल पट्ट्यात वेफर्स तळणाऱ्यांच्या मागच्या दारी कच्च्या केळीच्या सालीचा ढीग रोज पडतो. त्यातून पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ, काढायचं आणि त्याचा रस मेम्ब्रेनने (पाणी सोडून पेक्टिन अडवणाऱ्या बारीक गाळणीने) घट्ट करायचं मनात असलेले दोघं-तिघं माझ्याकडे येऊन गेले. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "भाऊ, किती किलोडाल्टनचं मेम्ब्रेन घेऊ?"

हा प्रश्न खरं तर शेवटी विचारायचा. किलोडाल्टन म्हणजे मेम्ब्रेन किती वजनाच्या रेणूपासून पुढे अडवतं त्याचं माप. कॅटलॉगमधला १०० किलोडाल्टनचा आकडा बहुतेक वेळा गोळीसारख्या प्रथिनांवरून ठरवलेला असतो. पेक्टिन गोळी नाही, लांबलचक साखळी आहे. त्यातल्या गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लावर पीएच साधारण साडेतीनच्या वर गेला की ऋणभार येतो, साखळीचे भाग एकमेकांना ढकलतात आणि ती फुलते. म्हणून तितक्याच वजनाच्या प्रथिनापेक्षा ती कितीतरी जास्त जागा अडवते, आणि ज्या कामाला लोक ३० किलोडाल्टन घेतात तिथे बऱ्याचदा १०० चालतं, शिवाय फ्लक्सही (मेम्ब्रेनमधून पाणी जायचा वेग) चांगला मिळतो. गरम आम्लात काढलेल्या सालीच्या रसात मीठ असलं की हा भार झाकला जातो, साखळी आकसते आणि थोडा माल पलीकडे निसटतो. पुढे रसात पाणी घालून तो मेम्ब्रेनवर धुवायला घेतला की मीठ निघून जातं, साखळी पुन्हा फुलते, रस घट्ट होतो आणि प्रेशर चढतं. नवखा माणूस इथे पंपाला शिव्या घालतो.

आता मेम्ब्रेनच्या तीन प्रकारांकडे वळू. फ्लॅट कॅसेटमध्ये पातळ फटीत जाळी असते. पातळ द्रवाला ती उत्तम, जागाही कमी खाते. पण सालीच्या रसात तंतू राहिले किंवा रस घट्ट झाला की जाळीच गळा आवळते. घ्यायचीच असेल तर रुंद फटीची घ्या, आणि आधी नीट गाळून घ्या. प्रयोगशाळेत एक-दोन लिटरच्या चाचणीला माझी पसंती तिलाच, कारखान्यात नाही.

हॉलो फायबरमध्ये जाळी नसते, सरळ नळ्या असतात. एक मिलिमीटरच्या आसपास आतला व्यास असलेला घेतला तर घट्ट रसही निभतो. पॉलिइथरसल्फोनचा असेल तर कॉस्टिक सोड्याने धुता येतो. अडचण गरमीची. असे बरेच मॉड्यूल (नळ्या बसवलेले तयार संच) ५० अंशांच्या आसपास थांबतात, आणि आपलं पेक्टिन निघतं ८०-९० अंशांच्या आम्लात. म्हणजे आधी रस थंड करायचा, आणि थंड झाला की तो आणखी घट्ट होतो. मे महिन्यात जळगावात कूलिंग टॉवरवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

सिरॅमिक गरम आम्ल सरळ पचवतं, जोरात धुतलं तरी टिकतं, वर्षानुवर्षं चालतं. किंमत मात्र सुरुवातीलाच घाम फोडते. आणि विक्रेत्याला एक गोष्ट नक्की विचारा: वरचा थर कशाचा आहे? नुसत्या अॅल्युमिनाचा (अॅल्युमिनियम ऑक्साइडचा) पृष्ठभाग पीएच ८-९ च्या खाली धनभारित असतो. ऋणभारित पेक्टिन त्याला गोचिडासारखं चिकटतं. टायटानियाचा (टायटॅनियम ऑक्साइडचा) थर त्या मानाने बरा.

दोन गोष्टी तिन्हींना लागू. कच्च्या सालीत स्टार्च असतो, त्याच्यावर भार नाही, पण तापला की खळ होते. आधी अॅमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) द्या, नाहीतर कोणतंही मेम्ब्रेन घ्या, बुजणारच. आणि चिकातले टॅनिन काळा थर धरतात. केळी सोलताना बोटांना लागलेला चीक साबणाने निघत नाही, तसाच तो थर.

पाण्याचं मात्र मी स्वतः भोगलंय. एकदा आरओ बंद होता म्हणून रस बोअरच्या पाण्याने धुवायला घेतला. तासाभरात गेजचा काटा एक बारवरून अडीचवर. मॉड्यूल उघडलं तर नळ्यांच्या तोंडाशी भेंडीच्या तारेसारखा थुलथुलीत गोळा. कमी मिथाइलचं पेक्टिन (ज्याच्या साखळीवर मिथाइल गट कमी असतात) कॅल्शियम मिळालं की साखळ्या एकमेकींना जखडून जेल होतं, आणि आमचं बोअर म्हणजे गीझरमध्ये पांढरी खपली धरणारं. कॉस्टिकने काही हललं नाही, सायट्रेटने सुटलं. तेव्हापासून रस धुवायला फक्त आरओचं पाणी.

कॉस्टिक मेम्ब्रेन धुण्यापुरतंच, हेही लक्षात ठेवा. गरम रसाचा पीएच पाचच्या वर नेला तर पेक्टिनची साखळीच तुटायला लागते.

माझं मत विचाराल तर दिवसाला दोनशे-तीनशे लिटर रस असेल तर हॉलो फायबर, आणि वर्षभर गरम रस चालवायचा असेल, बँकही तयार असेल, तर सिरॅमिक. नुसत्या स्पिरिटने (अल्कोहोलने) पेक्टिन तळाशी बसवायचा जुना मार्गही आहेच, पण त्यात रसाच्या दीडपट-दुप्पट स्पिरिट लागतं, परवाना लागतो, आणि आपल्या उन्हात ते उडतं. मेम्ब्रेनने रस चौपट घट्ट करून मग स्पिरिट घातलं तर ते चौथ्या हिश्शावर येतं. मेम्ब्रेनचा पैसा वसूल होतो तो इथे.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून डेमो मॉड्यूल मागा. पाण्याने नाही, तुमच्याच सालीच्या रसाने सलग आठ तास चालवा, धुवा, आणि साध्या पाण्याचा फ्लक्स पहिल्या दिवशीच्या आकड्याशी ताडून बघा. तो विक्रेत्यासमोरच वहीत लिहा.