शर्ली आणि अ‍ॅशली
शर्ली आणि अ‍ॅशली ही मुळात इंग्लंडमधील गावांची नावे; पुढे ती आडनावे झाली आणि मग व्यक्तिनामे. दोहोंच्या शेवटचा ‘ली’ हा जुन्या इंग्रजीत रानातील मोकळी जागा या अर्थाचा शब्द आहे. अ‍ॅशलीचा अर्थ सरळ आहे: अ‍ॅश वृक्षांच्या रानातील मोकळी जागा. शर्लीचे पूर्वपद मात्र ‘उजळ’ किंवा ‘परगणा’ असे दोन्ही प्रकारे लावले जाते, आणि त्यामुळेच या दोन नावांपैकी मला शर्ली अधिक मोलाचे वाटते. शिवाय १८४९ मध्ये शार्लट ब्रॉन्टे यांच्या ‘शर्ली’ या कादंबरीत, आईवडिलांनी मुलासाठी योजलेले हे नाव नायिकेला मिळाले आणि पुरुषी समजले जाणारे नाव हळूहळू स्त्रियांचे झाले. अ‍ॅशली मुलींकडे वळले ते विसाव्या शतकात, प्रामुख्याने अमेरिकेत.