सहा रविवार, दोन सिनेमे आणि एक भिंत

पुण्यातला सहा रविवारांचा चित्रपट-रसास्वाद वर्ग गेल्या आठवड्यात संपला. फी अठराशे, चहा त्यातच. मी शाळेत मराठी शिकवते. सिनेमा म्हणजे गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं.

आधी १९३७ चा ‘कुंकू’. म्हाताऱ्या बिजवराशी लावून दिलेलं लग्न नीरा मनाने मान्यच करत नाही. शांता आपटेंची ती ताठ मान बघून आम्ही सगळ्या खूश. तेव्हा सरांनी विचारलं, “पण तिची सुटका कोण करतं?” नवराच, आत्महत्या करून. म्हणजे सिनेमा रूढीला धक्का देतो, पण लग्न मोडायचं धाडस तिच्या हाती देत नाही. हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

‘फँड्री’चा रविवार तर विसरणार नाही. पकडलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन जातीवरून हिणवल्या जाणाऱ्या शाळकरी जब्याचं कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जातं आणि भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई. तो प्रसंग तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा मला माझ्याच शाळेची भिंत दिसली. शेवटी जब्याचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो, तेव्हा वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही.

तक्रार एकच, पण मोठी. स्पीकर इतका खरखरत होता की ‘कुंकू’मधले निम्मे संवाद कळले नाहीत. त्या सिनेमात पार्श्वसंगीत नाही, घरातले साधे आवाजच सगळं बोलतात, तेच हरवले. चर्चेलाही वीस मिनिटं फार अपुरी.

तरी जरूर जा. शिक्षकांनी तर जाच.