ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा की जर्मनीचं ब्लू कार्ड? बिऱ्हाड घेऊन निघणाऱ्यांसाठी

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची इंजिनिअर मंडळी हल्ली विचारतात, ब्रिटन आणि जर्मनी दोन्हीकडून ऑफर आली तर कुठली घ्यावी? दोन्ही परवाने परदेशी कुशल माणसाला तिथे राहून नोकरी करू देणारे; ब्रिटनचा तो स्किल्ड वर्कर व्हिसा, जर्मनीचं ते ब्लू कार्ड. मी जर्मनी धरली, त्यामुळे माझं पारडं थोडं झुकलेलं असणार, हे गृहीत धरूनच वाचा. एकटे जाणार असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही.

वर्षाला किमान इतका पगार हवाच, या अटीवर फार बोलत नाही. ब्रिटनने ती एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर नेली, जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. जर्मनीत २०२६ साठी ५०,७०० युरो, आणि मनुष्यबळाचा तुटवडा असलेल्या पेशांना, म्हणजे इंजिनिअर आणि आयटीवाल्यांनाही, साधारण ४५,९००. ऑफर हातात असेल तर बहुधा त्यात बसताच.

मला अडलं ते ब्रिटनच्या हेल्थ सरचार्जपाशी, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरायला व्हिसासोबत भरायच्या पैशांपाशी. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. आणि जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचे पैसे अर्जासोबतच, एकरकमी. नवरा, बायको, एक लेकरू, पाच वर्षं: १४,२३० पौंड. म्हणजे पंधरा लाखांच्या वर, पहिला पगार हातात पडायच्या आधी! व्हिसाची फी वेगळीच. तिथे गेल्यावर पगारातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याचा हप्ता) कापला जातो तो जातोच. कंपनी फक्त माझा भाग भरणार होती. आबांना आकडा सांगितला तर ते म्हणाले, "बठ्ठा पैसा पहिलेच भरना पडस?" केळी कापून गाडीत भरल्याशिवाय ज्यांनी कधी पैसा पाहिला नाही, त्यांना याचं उत्तर काय देणार? कर्ज मिळालं असतं, नाही असं नाही. पण नोकरीआधीच डोक्यावर हप्ता घ्यायची माझी तयारी नव्हती.

जर्मनीत आरोग्यविम्याचा हप्ता महिन्याच्या महिन्याला पगारातून जातो, साधारण निम्मा कंपनी भरते. सरकारी विम्यात न कमावणारी बायको आणि मुलं जादा हप्ता न देता बसतात. कापलेला पगार बघून पहिल्या महिन्यात पोटात गोळा येतो खरा, पण जे जातं ते कमावल्यावर जातं. तुमची ब्रिटिश कंपनी सगळ्या घराचा सरचार्ज भरायचं लेखी देत असेल, तर माझा हा मुद्दा बाद समजा.

भाषेत मात्र ब्रिटन सरळ पुढे. तिथे मुलाच्या शाळेत पहिल्या दिवसापासून बोलता येतं. इथे पोस्टाने जाडजूड जर्मनमध्ये पत्रं येतात, आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत धीर सुटतो. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मन यावी लागत नाही आणि कामाची परवानगीही लगेच मिळते, पण भाषेशिवाय नोकरी कोण देतो? आमच्या घरी तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

कायम वास्तव्याचं म्हणाल तर ब्लू कार्डवर बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची जर्मन असेल तर २१ महिने, नुसती ए-वन, म्हणजे अगदी सुरुवातीची असेल तर २७. ब्रिटनमध्ये पाच वर्षं होती. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ती दहा करायचा बेत जाहीर झाला. जर्मनीही शब्द फिरवते, तीन वर्षांत नागरिकत्वाची वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी बंद केलीच. पण २१ महिन्यांना हात लावला नाही. नोकरी बदलायची तर ब्रिटनमध्ये नव्या कंपनीचं प्रायोजकपत्र आणि नवा अर्ज. इथे पहिलं वर्ष कार्यालयाला कळवायचं, पुढे तेही नाही.

जर्मनीत आईवडिलांना आणता येतं असं कुणी सांगेल. मार्च २०२४ पासून नियम आहे खरा, पण त्यांचा खर्च तुम्ही दाखवायचा आणि विमाही काढायचा. साठी ओलांडलेल्यांना तो परवडेल असा मिळणं कठीण, म्हणून त्या आशेवर जर्मनी निवडू नका.

जर्मनी ठरलीच, तर आधी अनाबिनच्या यादीत, म्हणजे परदेशी पदव्या जर्मनीत कितपत मानल्या जातात ते सांगणाऱ्या तिथल्या ऑनलाइन यादीत, आपलं विद्यापीठ आणि पदवी बघून घ्या. जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव २०१८ मध्ये मिळालं, त्याआधीच्या पदवीवर नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. दोन्ही नावांनी शोधा आणि सापडलेल्या पानाची प्रिंट अर्जाला जोडा.