एक बेस हेड, तीन कॅबिनेट आणि ओहमचा हिशेब: नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या सप्टेंबरात पुण्याहून बेस गिटारसाठी एक सेकंडहँड हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प, आणलं. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये सोलापूरपर्यंत ते माझ्या मांडीवरच होतं, घरच्या चादरीत गुंडाळलेलं. वजन जेमतेम तीन किलो. माझं वाजवणं म्हणजे लग्नाचे ऑर्केस्ट्रा, नवरात्रातली मंडळं आणि रविवारी सकाळी चर्च. त्याआधी सात वर्षं साउंडवाल्यांच्या मॉनिटर स्पीकरमधून जेवढा ऐकू येईल तेवढ्या बेसवर भागवत होतो. स्वतःचा आवाज स्वतःच्या पाठीमागून यावा ही इच्छा फार जुनी होती.

हेडच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते पाचशे वॉटच्या आसपासच्या बहुतेक ट्रान्झिस्टर हेडला लागू पडतं. मागच्या पत्र्यावर तीन गोष्टी छापलेल्या आहेत: ८ ओहमला ३०० वॉट, ४ ओहमला ५०० वॉट, आणि लोड, म्हणजे जोडलेल्या स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, किमान ४ ओहम. पहिल्या दोन आकड्यांवर मी महिनाभर विचार केला. तिसऱ्याकडे नीट पाहायला एप्रिल उजाडला.

पहिलं कॅब (कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी) दोन दहा इंची स्पीकरचं, ८ ओहम, ४०० वॉट. ऑक्टोबर ते डिसेंबर फक्त तेच होतं. मित्रांनी लगेच सुरू केलं, ‘अरे, ८ ओहमला लावलंस म्हणजे दोनशे वॉट वाया!’ मलाही तसंच वाटायचं. हिशेब मांडल्यावर जीव भांड्यात पडला. वॉट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ३०० वरून ५०० म्हणजे जेमतेम २.२ डेसिबल. ड्रमरने जरा जोर लावला की तेवढा फरक त्यातच बुडतो. एका कॅबची सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला किती डेसिबल आवाज निघतो तो आकडा) ९७ आणि दुसऱ्याची १०० असेल, तर तो तीन डेसिबलचा फरक दुप्पट वॉटच्या तोडीचा असतो. तरी दुकानात विचारतात सगळे वॉटच.

बंद हॉलमध्ये हे एकटं कॅब पुरलं. चर्चमध्ये तर मास्टर व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर कधी न्यावाच लागला नाही. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात हेडचं डीआय, म्हणजे थेट सिग्नल देणारं आउटपुट, मिक्सरला द्यायचं आणि कॅब फक्त आपल्या कानासाठी ठेवायचं, हे तर उत्तमच. अडचण उघड्यावर आली. नवरात्रात एका चौकात वाजवलं, मागे भिंत नाही, वर छप्पर नाही, आणि खालची ई तार, म्हणजे ४१ हर्ट्झ, हवेत कुठे विरून जायची कळायचं नाही. मग मी बेसचं नॉब फिरवायचो. आता कळतं की तिथे ६ डेसिबल वाढवले की त्या पट्ट्यात ॲम्पकडून चौपट ताकद मागितली जाते, आणि स्पीकरचा कोन, म्हणजे त्याचा हलणारा पडदा, जेवढा हलायचा तेवढा आधीच हललेला असतो. त्यातून फडफड निघते, खर्ज निघत नाही. मोकळ्या जागेत खर्ज हवा असेल तर कोनचं क्षेत्रफळ वाढवायचं, म्हणजे दुसरं कॅब.

म्हणून जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, गर्दी ओसरल्यावर पंधरा इंची एका स्पीकरचं कॅब घेतलं. इथेच बांधलेलं, जाड प्लायचं, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. मागे स्टिकर: ‘८ ओहम’. दोन ८ ओहम पॅरलल, म्हणजे दोन्ही थेट हेडच्या आउटपुटला, जोडले की ४ होतात, हेडला ४ चालतात, माझा हिशेब तिथेच संपला.

आणि आवाज काय सुंदर लागला! पोटात जाणवणारा. विशेष म्हणजे पंधरावालं कॅब दहावाल्यावर सरळ मात करत होतं. मला वाटलं, मोठा स्पीकर आहे, वाजणारच. खरं कारण वेगळं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये छोटी लग्नं, आवाज बेताचा, सगळं सुरळीत चाललं.

एप्रिलमध्ये होटगी रोडवरच्या एका मंगल कार्यालयात दुपारचा कार्यक्रम होता. उन्हाळ्यातली सोलापूरची दुपार काय असते ते बाहेरच्याला सांगून कळत नाही, पत्र्याच्या शेडमध्ये तर हातातल्या तारासुद्धा गरम लागतात. दुसऱ्या सेटमधलं तिसरं गाणं, वाजवणं अंगात आलेलं, आणि बेस अचानक गेला. हेडवर लाल दिवा. ड्रमर वाजवता वाजवताच ओरडला, ‘काय बे, बेस कुठं गेला?’ दहा मिनिटं पंख्यासमोर धरल्यावर हेड पुन्हा बोलू लागलं. दोन गाणी झाली आणि परत तेच. नशीब, पॉवरचा भाग बंद पडला तरी डीआय चालू राहत होतं. बाकीचा कार्यक्रम साउंडवाल्यांच्या बॉक्समधून निभावला.

आधी राग काढला मंडपवाल्यांच्या झालरीवर, कारण ती हेडच्या जाळीवर सरकून आली होती. तीही चूकच, हेडच्या हवेच्या जाळीवर कसलंही कापड येता कामा नये, मी आता दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडतो. पण घरी पंख्याखाली, झालर नसताना, जोरात वाजवून पाहिलं तरी पाऊण तासात तोच लाल दिवा.

शेवटी दोन्ही कॅब टेम्पोत घालून स्पीकर रिकोन करणाऱ्या, म्हणजे नवा कोन बसवून देणाऱ्या, अण्णांकडे गेलो. मी हेडबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, ‘हेड राहू दे. आधी मीटर लाव.’ मल्टीमीटर रोधावर ठेवला, दोन्ही पिना एकमेकींना टेकवून वायरीचा स्वतःचा ०.२ ओहम बघून घेतला आणि मग कॅबच्या सॉकेटला लावला. दहावालं: ५.९. पंधरावालं: ३.४. अण्णा काही न बोलता स्क्रू काढायला लागले. आठ स्क्रू, स्पीकर बाहेर, मॅग्नेटमागे बारीक अक्षरांत ‘४ ओहम’. मूळ स्पीकर कधीतरी जळाला असणार, कुणीतरी हाताला लागेल तो बसवला, आणि बाहेरचं स्टिकर तसंच राहिलं. विकणाऱ्याने ते मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, त्यालाही बहुधा ठाऊक नसावं. पण विकण्याआधी एकदा मीटर लावायला काय जात होतं, हे मला अजून खटकतं.

आता हिशेब. ८ आणि ४ पॅरलल म्हणजे ३२ भागिले १२, म्हणजे २.६७ ओहम. माझ्या हेडला किमान ४ हवेत. ४ ओहमवर ५०० वॉट देताना त्यातून साधारण ४५ व्होल्ट आणि ११ अँपिअर जातात. तेच ४५ व्होल्ट २.६७ ओहमवर टाकले की प्रवाह जवळपास १७ अँपिअर मागितला जातो. तेवढा करंट द्यायला ते बनवलेलंच नाही, म्हणून तापतं आणि स्वतःला वाचवायला थांबतं. हेडने आपलं काम चोख केलं होतं. पंधरावालं कॅब एवढं का उठून दिसत होतं तेही इथेच उलगडलं: पॅरललमध्ये दोघांना व्होल्टेज सारखंच मिळतं, त्यामुळे ४ ओहमवालं ८ ओहमवाल्याच्या दुप्पट वॉट ओढतं. दोन वेगळ्या ओहमची कॅब जोडायला ॲम्पची परवानगी असली तरी वाटणी अशी होते, हे लक्षात ठेवावं.

मीटरवर दिसतो तो डीसी रोध, म्हणजे कोन हलवणाऱ्या कॉइलच्या तारेचा. तो छापील ओहमपेक्षा कमीच येतो: ८ ओहमचं कॅब साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतं, ४ ओहमचं तीन ते साडेतीन. ५.९ दिसलं म्हणून ‘हे ६ ओहमचं आहे’ असं समजू नये. खरा इम्पिडन्स, म्हणजे वाजतानाचा अडथळा, तर सुरासुरागणिक बदलतो, रेझोनन्सपाशी (ज्या सुराला कोन आपसूक थरथरतो तिथे) ८ ओहमचं कॅब तीस-चाळीसच्या घरात जातं. छापील आकडा हा ढोबळमानाने त्यातला खालचा टप्पा, कारण ॲम्पला धोका तिथेच असतो. कॅबमध्ये ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असेल तर तो मीटरवर येत नाही, त्याच्या वाटेतला कपॅसिटर डीसीला अडवतो. स्पीकॉनचं (फिरवून अडकणाऱ्या स्पीकरच्या पिनेचं) सॉकेट असेल तर एक-प्लस आणि एक-मायनस या पट्ट्यांना पिना लावायच्या. दोन मिनिटांचं काम आहे. सेकंडहँड कॅब बघायला जाताना मी आता मीटर खिशात घालूनच जातो.

‘मग सिरीज कर की, १२ ओहम होतील,’ असं एकाने सुचवलं, म्हणजे आठ आणि चारची कॅब एकामागोमाग जोडायची. होतील, आणि हेड सुरक्षितही राहील. पण त्यासाठी वेगळी वायर बनवावी लागते, कारण हेडचे दोन्ही आउटपुट आणि कॅबमागचे दोन्ही जॅक आतून पॅरललच असतात. शिवाय १२ ओहमवर माझं हेड दोनशे वॉटच्या आसपास देणार आणि त्यातलाही मोठा वाटा ८ ओहमवाल्याला जाणार. उगाच कशाला?

मे महिन्यात पहिल्यासारखंच दोन दहा इंचीचं दुसरं कॅब मिळालं, त्याच मॉडेलचं. मीटर: ६.०. दोन्ही मिळून ४ ओहम, हेड पूर्ण ५०० देणार, प्रत्येकाच्या वाट्याला अडीचशे, आणि प्रत्येक कॅब ४०० चं. आनंदाने जोडलं, वाजवलं, आणि बेस एकट्या कॅबपेक्षाही बारीक! वरचे सूर होते, खर्ज गायब. पाच मिनिटं काही सुचेना. मग अण्णांचा धडा आठवला: स्पीकॉनची एक वायर मीच नवीन बनवली होती, तिच्यात प्लस-मायनस उलटे झाले असणार. दोन्ही कॅबच्या जाळ्या काढल्या, हेडकडची वायर सोडवली आणि तिच्या टोकाला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवला. जुन्या वायरीवर कोन बाहेर आला. नव्या वायरीवर तोच सेल, तसाच धरलेला, आणि कोन आत गेला. एक हवा ढकलतोय, दुसरा ओढतोय, खर्ज दोघांच्या मध्येच मरतोय. वायर सोडून सरळ केली. पहिली खालची ई वाजवली तेव्हा खिडकीची काच थरथरली आणि आई स्वयंपाकघरातून विचारायला आली, काय पडलं म्हणून.

वायरबद्दल एवढंच: गिटारची शील्डवाली वायर ॲम्प आणि कॅबच्या मध्ये कधीही लावू नका. दिसायला तीच, जॅकही तोच, पण आतली तार केसाएवढी. मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून अडीच चौरस मिलिमीटरची दोन कोरची लवचीक वायर आणली आणि टोकांना स्पीकॉन लावले. ते फिरवून अडकतात, कुणाचा पाय अडकला तरी निसटत नाहीत.

दोन्ही कॅब मी एकावर एक उभी ठेवतो. वरचे स्पीकर कानाच्या जवळ येतात आणि स्टेजच्या दोन्ही कडांना आवाज सारखा जातो. शेजारी शेजारी ठेवली तर दोन पावलं सरकलं की सूर बदलतो. आवाजाचा फरक? कोनचं क्षेत्रफळ दुप्पट, त्याचे खर्जात ३ डेसिबल, आणि ४ ओहममुळे मिळालेले वरचे २.२. एकूण पाचेक डेसिबल. कानाला हा फरक स्वच्छ कळतो. उघड्यावरच्या दोन कार्यक्रमांत बेसचं नॉब मधल्या खुणेवर ठेवून निभावलं, यावर माझाच विश्वास बसत नव्हता. मे अखेरच्या उकाड्यात सलग तीन तास वाजवून हेडला हात लावला. गरम होतं, पण हात ठेवता येत होता. लाल दिवा पुन्हा दिसलेला नाही.

पाच तारांच्या बेसवाल्यांसाठी थोडं वेगळं. खालची बी ३१ हर्ट्झला असते, आणि छिद्रवालं कॅब ज्या सुराला बांधलेलं असतं त्याच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही. तिथे वॉटची मर्यादा गाठायच्या आधीच कोन हलण्याची मर्यादा संपते. आमच्या चर्चमधला एक मुलगा माझ्या सेटवर पाच तारांचा बेस वाजवतो, त्याला मी बेसचं नॉब थोडं मागे घ्यायला लावतो.

आणि व्हॉल्व्हचं हेड असेल तर वरचा हिशेब जसाच्या तसा लावू नका. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि मागे ४, ८, १६ अशी वेगवेगळी जागा किंवा स्विच असतो. जेवढ्या ओहमचा लोड, त्याच जागी लावायचा. माझं ट्रान्झिस्टर हेड कॅबशिवाय नुसतं डीआयवर चालतं. व्हॉल्व्हचं हेड कॅब न जोडता चालू करून वाजवलं तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पंधरा इंचीचं कॅब मी विकलं. जुनं स्टिकर खरवडून काढलं, पांढऱ्या ऑइलपेंटने मागे हाताएवढ्या अक्षरांत ‘४ ओहम’ लिहिलं आणि घेणाऱ्यासमोर मीटर लावून दाखवलं. भवानी पेठेतला मुलगा आहे, त्याचं हेडही किमान ४ ओहमचं. तो ते एकटंच वाजवतो. दुसरं कॅब घेईन म्हणाला तेव्हा त्याला सांगितलं, आधी हे विक, मग आठ-आठची जोडी घे.