अपघाती मृत्यूचा दावा आणि वकिलाची निवड : सतरा महिन्यांनंतरचा अनुभव

माझा थोरला भाऊ दुचाकीवरून घरी परतत असताना मागून आलेल्या मालवाहू ट्रकने त्याला धडक दिली आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच त्याचे निधन झाले. दादा ३८ वर्षांचा होता. घरे आणि दुकाने यांच्या वायरिंगची कामे तो स्वतंत्रपणे घेत असे आणि वहिनी, दोन लहान मुले व आई अशी चार माणसे त्याच्या कमाईवर अवलंबून होती. त्यानंतरचे सतरा महिने मी वहिनींबरोबर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या कामात होतो आणि या काळात आम्ही दोन वकिलांचे काम जवळून पाहिले. दावा आता निकाली निघाला आहे. आमच्यासारख्या अवस्थेत असलेल्या एखाद्या घराला उपयोग व्हावा, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिले वकील आम्ही शोधले नव्हते. शवविच्छेदनानंतर देह ताब्यात मिळण्याची वाट पाहत आम्ही बाहेर बसलो असताना एका गृहस्थाने माझ्याजवळ येऊन त्यांचे नाव सांगितले. आधी काहीही द्यायचे नाही, भरपाई मिळाली की तिच्यातील वीस टक्के द्यायचे, असा तो प्रस्ताव होता. त्या मनःस्थितीत आम्हाला तो आधार वाटला आणि वहिनींनी वकीलपत्राबरोबरच काही कोऱ्या कागदांवरही सह्या केल्या. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा पक्षकाराला मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निषिद्ध आहे, आणि मध्यस्थ पाठवून पक्षकार मिळवणेही निषिद्ध आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. अमेरिकेत अशा दाव्यांत टक्केवारीची फी सर्रास चालते आणि इंटरनेटवर या विषयावरची बरीच माहिती तिथलीच असते, त्यामुळे आपल्याकडेही तसेच असणार असा माझा समज झाला होता.

साडेतीन महिन्यांनी त्यांनी अर्जाचा मसुदा दाखवला. त्यात दादाचे मासिक उत्पन्न १२,००० रुपये लिहिले होते. दादा दरवर्षी आयकर विवरणपत्र भरत होता, पण ते आमच्याकडे कोणी मागितलेच नव्हते. ‘मोलमजुरी करणाऱ्यांचे इतकेच धरतात’ असे उत्तर मिळाले. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, कोणाची चूक होती हे सिद्ध न करता, मृत्यूबद्दल ५ लाख रुपये मिळतात, ते घेऊन मोकळे व्हावे, असेही त्यांनी सुचवले. ही तरतूद खरी आहे आणि जिथे निष्काळजीपणा सिद्ध करणे अवघड असते तिथे ती मोलाची आहे. परंतु ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालील, म्हणजे चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागण्याचा, दावा संपुष्टात येतो, ही गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली नाही. वहिनींनी तेव्हा सही केली असती तर पुढे काहीच उरले नसते.

दुसऱ्या वकील मॅडम दादाच्या एका ग्राहकाने सुचवल्या. पहिल्या भेटीत त्यांनी फीचा विषय काढण्यापूर्वी प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, ट्रकचा विमा आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती मागितल्या, आणि मग वहिनींना म्हणाल्या, ‘ताई, त्यांच्या कामाच्या वह्या असतील तर एकही टाकू नका.’ त्यानंतर एका कोऱ्या कागदावर त्यांनी आमच्यासमोर हिशेब मांडला. तो कागद मी जपून ठेवला आहे, कारण या सगळ्या प्रकरणातली मला समजलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यावर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रणय सेठी प्रकरणात भरपाईची पद्धत ठरवून दिली आहे. विवरणपत्रांनुसार दादाचे मासिक उत्पन्न ३०,००० रुपये होते. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवतात, म्हणजे ४२,००० झाले. अवलंबून असलेली माणसे चार ते सहा असली की मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करतात, म्हणजे ३१,५०० उरले. वर्षाचे ३,७८,००० झाले. वर्षाच्या रकमेला वयानुसार ज्या संख्येने गुणतात तो गुणक ३६ ते ४० वयासाठी १५ आहे, म्हणून एकूण ५६,७०,००० रुपये. हीच रीत १२,००० रुपयांना लावली तर उत्तर २२,६८,००० येते. एकाच मृत्यूच्या या दोन रकमांमध्ये ३४ लाखांहून अधिक अंतर आहे आणि ते केवळ विवरणपत्रांची प्रत मागितली की नाही, एवढ्यावर ठरणार होते. सहचर्य गमावल्याबद्दल ४०,०००, आणि संपत्तीची हानी व अंत्यविधीचा खर्च यांपोटी प्रत्येकी १५,००० रुपये, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढीसह, याखेरीज मिळतात. दादाच्या आयुर्विम्याचे पैसे भरपाईतून वजा होतील अशी भीती आईला होती, पण तसे होत नाही. मी भाऊ असलो तरी त्याच्यावर अवलंबून नव्हतो, त्यामुळे माझे नाव अर्जात घालू नये, हेही मॅडमनी स्पष्ट सांगितले.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो आणि आमचे जवळजवळ चार महिने गेले होते. वकील बदलताना पहिल्यांनी कागद देण्यास टाळाटाळ केली. फी थकली या कारणावरून वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. त्याचा उल्लेख करून वहिनींनी लेखी मागणी केली, तेव्हा तीन आठवड्यांनी कागद परत आले आणि कोऱ्या सह्यांचेही. पोलिसांकडील कागदांच्या प्रमाणित प्रती मॅडमनी तोवर नव्याने मिळवल्या होत्या. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी अर्जदार राहतात तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, त्यामुळे लांबच्या खेपा वाचल्या.

साक्षीच्या दिवशी ट्रकच्या विमा कंपनीच्या वकिलांनी वहिनींना दादाच्या हेल्मेटविषयी आणि उत्पन्नाविषयी पाऊण तास विचारले. ‘ही रोख कामे कागदावर कुठे आहेत?’ या प्रश्नाला वहिनींनी दादाच्या हस्ताक्षरातील तीन वह्या पुढे केल्या. त्याचे अक्षर पाहून त्यांचा आवाज कापला, तरी उत्तर चुकले नाही. आदल्या संध्याकाळी मॅडमनी दोन तास बसून सर्व कागदांची उजळणी करून घेतली होती. उत्तरे पढवली नव्हती. जे आठवत नसेल ते आठवत नाही असेच सांगावे, एवढे मात्र पुन्हा पुन्हा बजावले होते.

मॅडमच्या कामात उणिवाही होत्या. त्या स्वतः फोन क्वचितच उचलत, चार तारखांना त्यांच्याऐवजी कनिष्ठ वकील आल्या आणि त्यांपैकी एकदा मूळ फाइलच सोबत नव्हती, त्यामुळे पुढची तारीख दीड महिन्यांनी लागली. फी मात्र पहिल्याच दिवशी टप्प्याटप्प्याने लिहून ठरली होती आणि प्रत्येक वेळी पावती मिळाली. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हेदेखील त्यांनी स्वतःहून सांगितले होते. आपल्या फीच्या विरोधात जाणारी माहिती देणाऱ्या व्यक्तीवर आम्ही विश्वास ठेवला.

लोकअदालतीत विमा कंपनीने आधी ३५ लाख देऊ केले. मॅडमनी तोच हिशेब पुढे ठेवला आणि भविष्यातील वाढ का धरली नाही, एवढेच विचारले. दुसऱ्या बैठकीत ५१ लाखांवर तडजोड झाली. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही, हे सांगून त्यांनी वहिनींना विचार करायला एक दिवस मागून घेतला होता. पूर्ण निकाल घेतला असता तर अर्जाच्या तारखेपासूनचे व्याजही मिळाले असते, परंतु कंपनी उच्च न्यायालयात गेली असती तर आणखी काही वर्षे गेली असती. वहिनींनी मुलांच्या शाळेकडे पाहून निर्णय घेतला आणि मला तो योग्य वाटतो. मुलांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहील. त्या पावत्या आईने दादाच्या वह्यांच्या पेटीत ठेवल्या आहेत.