गेल्या पिढीचे टायर, यंदाचा शिक्का

टायर हात फिरवून बघायचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. गाडी उभी करून स्टिअरिंग पूर्ण वळवलं, खाली वाकले आणि पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर तळहात फिरवला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीसारखे दाते. बाहेरच्या बाजूला नक्षी अजून पाच मिलिमीटर खोल, त्यामुळे मी दोन वर्षं निर्धास्त. आतली कड मात्र झिजेच्या पट्टीला टेकायला आली होती. टायरच्या खाचांमध्ये रबराचे जे बारके उंचवटे असतात ते 1.6 मिलिमीटरचे, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला.

गाडी फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, सातवी पिढी. 220 अश्वशक्ती, 350 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि हे सगळं पुढच्या दोन चाकांच्या डोक्यावर. वळवायचं त्यांनीच, ओढायचं त्यांनीच, ब्रेकचा मोठा भार पुन्हा त्यांच्यावरच. अशा गाडीला मी मागच्या खेपेला स्वस्तातले टायर घातले होते. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा कमी आणि माझ्या हिशेबाचा जास्त. जाहिरातीत 'दीर्घायुषी' लिहिलं होतं आणि ते तंतोतंत खरं निघालं. आतली कड बिघडलेल्या अलाइनमेंटनं, म्हणजे चाकांच्या चुकलेल्या कोनांनी, खाल्ली ती सोडली, तर ते टायर झिजायलाच तयार नव्हते!

पण पहिल्या जोरदार पावसात गोल चौकातून बाहेर पडताना, जेमतेम चाळीसच्या वेगात, स्टिअरिंग हलकं झालं. एकदम हलकं, कुणी चाकांपर्यंतचा दांडा काढून घेतल्यासारखं. गाडीचं नाक सरळ निघालं, डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकलं, आणि मग पकड परत आली. रस्त्यावर तळं वगैरे काही नव्हतं, नुसता ओला डांबरी रस्ता. कडक रबर झिजत नाही हे खरं, पण ते ओल्या रस्त्याला धरतही नाही. त्या दिवसापासून मी 'किती किलोमीटर चालेल' हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर टाकला.

आता निवड. माप 225/40 आर 18. म्हणजे रुंदी 225 मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्याच्या 40 टक्के, म्हणजे 90 मिलिमीटर, आणि रिम 18 इंची. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. लोक चुकतात ते पुढच्या आकड्यात आणि अक्षरात. माझ्या गाडीला 92 वाय हवा. 92 म्हणजे एका टायरला 630 किलो भार, वाय म्हणजे ताशी 300 किलोमीटरपर्यंतचा वेग. मी 300 नं जाणार नाही, पण भाराचा आकडा शोभेचा नसतो. एका दुकानात मला त्याच मापाचा, पण 88 चा टायर 'काही फरक पडत नाही हो' म्हणून पुढे केला गेला. 88 म्हणजे 560 किलो. दर चाकामागे 70 किलोंचा फरक. मी तिथून निघाले.

मग आकड्यांचं जंगल. अमेरिकी पद्धतीचा ट्रेडवेअर, म्हणजे झिजेचा आकडा असतो. त्यात 100 हा संदर्भाचा टायर, म्हणजे 300 चा टायर त्याच्या तिप्पट टिकावा. चाचणी टेक्सासमधल्या ठरावीक मार्गावर सुमारे 11,600 किलोमीटर गाडी चालवून होते, पण शेवटचा आकडा कंपनी स्वतःच देते. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला तो बरा, दोन कंपन्यांत तोलायला फसवा. त्याच्या शेजारचं एए किंवा ए हे अक्षर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं, पण सरळ रेषेत ब्रेक लावतानाच्या. वळणाचा त्यात संबंध नाही. युरोपच्या लेबलवरचं ओल्या पकडीचं अक्षरही ब्रेकिंगचंच, आणि तेही नव्या टायरचं. मला ही दोन्ही लेबलं चाळणीसारखी उपयोगी पडली: ओल्या पकडीत ए नसलेला टायर यादीतून बाद. त्यापुढे मी स्वतंत्र चाचण्या वाचल्या. एडीएसी या जर्मनीतल्या वाहनचालकांच्या संघटनेसारख्या संस्था एकाच मापाचे अनेक टायर ओल्या-कोरड्यात पळवून आणि झीज मोजून निकाल देतात. दोन-तीन वर्षांचे निकाल शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसायला लागते. वरच्या पाच-सहा टायरांतला फरक इंचाचा असतो, वरच्या आणि तळातल्यांमधला हाताचा. आणि वरच्यांची मागची पिढी बहुधा अजूनही वरच्यांतच असते.

तिथेच माझं ठरलं. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट 4 बाजारात आला 2016 मध्ये, आणि त्याचा वारस पायलट स्पोर्ट 5 आला 2022 मध्ये. वारस आला की जुन्या युवराजाची किंमत उतरते, गुण मात्र तेच राहतात. मी विचारलं तेव्हा पायलट स्पोर्ट 5 च्या चार टायरांच्या पैशांत पायलट स्पोर्ट 4 चे पाच टायर आले असते. मला चारच हवे होते, पण हिशेब कळला.

अट एकच घातली: मॉडेल जुनं चालेल, टायर जुना नको. साइडवॉलवर डॉट (DOT) अशी अक्षरं असतात, त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. माझ्या टायरांवर 0823 आहे, म्हणजे 2023 चा आठवा आठवडा. दुकानदारानं आधी दोन टायर एका शिक्क्याचे आणि दोन त्याच्या दोन वर्षं आधीचे काढले होते. 'गोदामात सावलीत होते' म्हणाला. असतीलही. मी चारही एका शिक्क्याचे मागितले आणि आठवडाभर थांबले. आणखी एक खबरदारी म्हणजे साइडवॉलवरची गाडीकंपन्यांची खूण. बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, पोर्शसाठी एन आणि पुढे आकडा. त्या त्या गाडीसाठी जुळवलेला टायर तो. नाव एकच असलं तरी आत फरक असू शकतो, म्हणून चारही चाकांवर एकाच प्रकारचा असावा. माझे बिनखुणेचे होते.

बसवताना मी बाकावर बसले नाही, शेजारी उभी राहिले. बसवणाऱ्याला आवडलं नसावं. हा टायर असममित नक्षीचा आहे, म्हणजे एका बाजूवर 'आउटसाइड' आणि दुसरीवर 'इनसाइड' कोरलेलं असतं. डावं-उजवं कुठेही चालतं, पण 'आउटसाइड' बाहेरच दिसायला हवं. मोबाइलचा टॉर्च लावून चारही बघितले. मागचं उजवं चाक उलटं. कोरलेलं 'इनसाइड' माझ्याकडे बघत होतं! काढून परत बसवलं. बोल्ट वाऱ्याच्या बंदुकीनं आवळून सोडून देऊ नका, मी म्हणाले, टॉर्क रेंच आणा, म्हणजे ठरावीक जोरानं आवळणारा पाना. माझ्या गाडीला 120 न्यूटन मीटर लागतात. त्यानंतर अलाइनमेंट, कारण आतली कड खाल्ली गेली त्याचं मूळ तिथेच होतं. मशीनच्या पडद्यावर पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती वरून बघता किती आत-बाहेर वळलीत तो कोन, लाल होता. नवे टायर घालून जुनं अलाइनमेंट ठेवणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

आता चालवताना. पहिले काहीशे किलोमीटर मी हळूच गेले, कारण साच्यातून सुटताना राहिलेला चिकट थर घासून जावा लागतो. मग पाऊस आला. त्याच गोल चौकातून, त्याच वेगात, स्टिअरिंगला वजन होतं. त्याहून थोडा वेग वाढवला. नाक वळलं. यापेक्षा जास्त काव्य मला येत नाही. कोरड्यात पहिल्या गिअरमध्ये पाय दाबला की अजूनही चाकं फिरतात, 350 न्यूटन मीटरला कुठलाच टायर पूर्ण पुरत नाही. पण आधी दुसऱ्या गिअरमध्येही फिरायची ती आता फिरत नाहीत.

एक घोटाळा माझ्या हातून झाला. सुरुवातीचा आठवडा गाडी खड्ड्यांवर उड्या मारायची आणि वळणात टणक वाटायची. टायरला नावं ठेवणार तोवर दाराच्या स्टिकरकडे लक्ष गेलं. मी भरलेल्या गाडीसाठीची हवा भरली होती, आणि गाडीत मी एकटी! गाडी थंड असताना, मोजक्या माणसांसाठीच्या आकड्यावर आणली आणि गाडी ओळखू आली. हवेचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो, 10 अंशांमागे दीड-एक पीएसआय. म्हणून ऋतू बदलला की मी मोजते, नाहीतर नाही.

14,000 किलोमीटरनंतरची मोजमापं: नवे असताना साडेसात मिलिमीटर, आता पुढे 5.4, मागे 6.8. म्हणजे पुढे 2.1 मिलिमीटर गेले. मी 1.6 पर्यंत वापरत नाही, 3 ला बदलते, कारण नक्षी उथळ झाली की पाणी बाहेर काढायला खाचच उरत नाही. साडेसातपासून तीनपर्यंत साडेचार मिलिमीटर, म्हणजे पुढची जोडी साधारण 30,000 किलोमीटर जाईल. स्वस्त टायर याहून जास्त गेले असते. गेले असते, आणि मी प्रत्येक पावसात खांदे आवळून बसले असते.

ज्यांना ट्रॅकवर जायचं आहे त्यांनी हे वाचून हा टायर घेऊ नये. त्यांच्यासाठी पायलट स्पोर्ट कप 2 सारखे वेगळे, मऊ रबराचे टायर आहेत. आणि हा उन्हाळी टायर आहे. तापमान 7 अंशांखाली रोज राहत असेल तर असलं रबर ताठतं, मग कितीही भारी नाव असो. दोनच टायर बदलायचे असतील तर नवी जोडी मागे घाला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची घसरली तर गाडी सरळ जाते, ते सावरता येतं. मागची घसरली तर गाडी फिरते.

पुढच्या वेळी पायलट स्पोर्ट 5 घेईन. त्याचा वारस दुकानात आला की लगेच.