बेळगावचा किल्ला ते असद खानांचा दर्गा : एका माहितीफेरीविषयी

आमच्या शहरातील एक तरुण अभ्यासक दर रविवारी सकाळी मराठीतून किल्ल्याची माहितीफेरी घेतो. सातच्या सुमारास खंदकाजवळ जमायचे, किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर आणि सफा मशीद पाहायची आणि शेवटी रिक्षाने कॅम्प भागातील असद खानांच्या दर्ग्यात जायचे, असा हा साडेतीन तासांचा कार्यक्रम असून माणशी २५० रुपये घेतले जातात. माझे सारे आयुष्य याच शहरात गेले आहे आणि खंदकावरून रोजचे येणे-जाणे आहे; तरीही मी नाव नोंदवले, कारण त्या दिवसाचा विषय ‘मुस्लिम समाजात आलिम (धर्माचे विद्वान) आणि गाझी (धर्मासाठी लढणारे योद्धे) यांना मिळणारा मान’ असा होता. आपल्या सीमाभागात या विषयावर बोलणारे बहुतेक लोक एक तर आकसाने बोलतात, नाहीतर कोणाला दुखवायला नको म्हणून मोघम बोलतात. हा तरुण दोन्ही टाळतो, आणि तेवढ्यासाठीच मी ही फेरी आवर्जून सुचवीन.

सफा मशिदीत त्याने घेतलेला पाऊण तास हा सगळ्या सकाळीचा गाभा होता. इ.स. १५१९ मध्ये ही मशीद बांधणारे असद खान लारी हे इराणातील लारचे. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या पदरी ते सरदार म्हणून नावारूपाला आले आणि बेळगावची जहागीर त्यांना मिळाली. मशिदीच्या दोन खांबांवर जुने लेख आहेत : एक रट्ट घराण्याचा राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळचा, सुमारे ११९९ चा, आणि दुसरा देवगिरीच्या यादव कृष्णाचा, १२६१ चा. मार्गदर्शकाने विजेरी समोरून न धरता खांबाला जवळजवळ टेकवून आडवी धरली, तेव्हा सपाट वाटणाऱ्या दगडातून अक्षरांच्या खाचा एकेक करून उठून आल्या. खांब आधीच्या इमारतींचे आहेत, हे त्याने आवाज न चढवता आणि न लपवता सांगितले.

त्यानंतर तो मूळ मुद्द्याकडे वळला. लढवय्याचा मान सत्तेच्या जवळ राहून वाढतो, तर आलिमाचा मान सत्तेपासून दूर राहण्याने वाढतो, हे त्याचे विधान मला पटले. ‘गाझी’ ही पदवी तुर्कांचे उस्मानी (ऑटोमन) सुलतान अभिमानाने मिरवत असत आणि १९२१ मध्ये तुर्कस्तानच्या राष्ट्रसभेने मुस्तफा केमालांनाही तीच दिली. याउलट इमाम अबू हनीफा यांची थोरवी सांगताना आजही खलिफाने देऊ केलेले काझीपद त्यांनी नाकारले आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करला, हीच गोष्ट आधी सांगितली जाते. उलमांना, म्हणजे आलिमांना, पैगंबरांचे वारस म्हणणारी हदीस (पैगंबरांचे वचन) मदरशांत मुलांना लहानपणीच शिकवली जाते, तीही याच धारणेतून.

दर्ग्यात मात्र ही विभागणी पुसट होते. असद खान हे तलवार आणि मुत्सद्देगिरी यांवर मोठे झालेले सरदार. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने दरबारात सुन्नी पंथाला पुन्हा स्थान दिल्यावर शिया असलेल्या या सरदारावर संशय धरला गेला आणि दरबाराशी त्यांचे संबंध ताणले गेले. १५४९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. अशा माणसाच्या कबरीवर आज लोक गलेफ (चादर) चढवतात आणि नवस बोलतात. आम्ही उभे असताना कपाळाला कुंकू लावलेल्या एक वृद्ध बाई नातवाला घेऊन आल्या. दर्ग्याची देखभाल करणाऱ्या मुजावरांनी मोरपिसांचा कुंचा मुलाच्या डोक्यावरून फिरवला आणि चिमूटभर उदी त्याच्या कपाळाला लावली. मार्गदर्शकाने विचारले, ‘काकू, हे कोण होते, ठाऊक आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘ते काय मला सांगता येत नाही, बाळ. सासूबाई यायच्या, म्हणून मी येते.’ सरदाराचा पीर कसा होतो, हे मला त्या क्षणी जितके उमगले तितके कुठल्याही व्याख्यानातून उमगले नव्हते. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरांवरील श्रद्धेने मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आपण मराठीत सांगत आलो आहोत. तिचाच धागा इथे हाताला लागतो.

आता दोन उणिवा. ‘विद्वानाची शाई हुतात्म्याच्या रक्ताहून श्रेष्ठ’ हे वाक्य मार्गदर्शकाने पैगंबरांचे म्हणून सांगितले. ते सर्वतोमुखी असले तरी हदीसशास्त्राच्या जाणकारांनी ते प्रमाण मानलेले नाही. खरे तर त्याला या वाक्याची गरजच नव्हती. सर्वांनीच लढाईला निघून जाऊ नये, प्रत्येक समूहातील काहींनी धर्माचे ज्ञान मिळवण्यासाठी मागे राहावे आणि परतणाऱ्यांना शिकवावे, असे कुराणाच्या ‘तौबा’ या सूऱ्यातील (अध्यायातील) १२२ वी आयत (वचन) सांगते. विद्या आणि शस्त्र यांचा मेळ याहून नेमका कुठे मांडलेला आहे, असे मला वाटत नाही.

दुसरी उणीव मला अधिक लागली. याच किल्ल्याला १४७० च्या दशकात वेढा पडला तो बहमनी वजीर महमूद गावान यांच्या मोहिमेत. इराणातील गिलानहून आलेला हा माणूस सेनापतीही होता आणि फारसी पत्रलेखनाचा मान्यवर जाणकारही. बिदरचा मदरसा त्यांनीच उभारला आणि १४८१ मध्ये बनावट पत्राच्या कारस्थानात त्यांचा शिरच्छेद झाला. आलिम आणि योद्धा एकाच देहात नांदल्याचा आपल्या मातीशी जोडलेला असा दाखला समोर असताना गावानांना दोनच वाक्ये मिळाली, आणि लढायांच्या वर्णनात मात्र बराच वेळ गेला. फेरी संपल्यावर मी हे त्याला सांगितले. त्याने वहीत ती आयत आणि गावानांचे नाव टिपून घेतले व खंदकाजवळच वेढ्याची हकिगत सांगून सुरुवात करण्याचे कबूल केले.

जाणाऱ्यांनी डोके झाकायला रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवावी आणि विजेरी स्वतःचीही न्यावी, कारण खांबांपाशी गर्दी झाली की मागच्यांना अक्षरे दिसत नाहीत.